लुकलुकला तर चालू दे

भाऊजी, तुमच्या मरणाचं कार्ड मी दुकानाच्या पायरीवर उभ्यानं वाचलं. कोपरा फाडलेला होता, म्हणजे वाचायच्या आधीच अर्धं कळलं होतं. पोस्टमन इथला, जबलपूरचा, पण ती खूण त्यालाही ठाऊक. त्यानं कार्ड हातात दिलं नाही, बाकावर ठेवलं आणि सायकल वळवून निघून गेला. रीतीप्रमाणे मी ते वाचून तिथंच फाडलं, तुकडे नाल्यात टाकले, नळाखाली डोकं धरलं. डोकं पुसताना आठवलं की अगदी खाली ताईनं सांगून लिहवून घेतलेली एक ओळ होती. तुमच्या मशीनबद्दल काहीतरी होतं. ती मी घाबरेपणात नीट वाचलीच नाही. नाल्यावर परत गेलो. तुकडे कधीच वाहून गेले होते.

असा मी. घरच्या माणसाची बातमी सुद्धा धड वाचता न येणारा. तुम्ही असता तर म्हणाला असता, "साळेबुवा, बातमीले काय पाय होते का पळून जायाले? वाचाची होती शांतीनं."

इथल्या मराठी मंडळींचं एक हस्तलिखित निघतं. ते काढणारे मास्तर भले आहेत. म्हणाले, तुमच्या मेहुण्यांवर चार शब्द लिहून द्या. जन्म, शिक्षण, स्वभाव, कार्य, एवढं आलं म्हणजे झालं. मी हो म्हटलं आणि घरी येऊन बसलो. जन्म मला माहीत नाही, तुम्हालाही नव्हता. शिक्षणात तुमची दुसरी आणि माझी चौथी, त्यावरून तुम्ही मला वकीलसाहेब म्हणायचा. स्वभाव लिहायचा तर आपलं भांडण लिहावं लागतं. आणि ते तर अर्धं सोडून तुम्ही गेलात. म्हणून मी मास्तरांना विचारलं की थेट तुम्हालाच लिहिलं तर चालेल का. ते म्हणाले, लिहा, वाचणारे समजून घेतील.

बाबा गेल्यावर मी ताईच्या घरी आलो. शाळा तेव्हाच सुटली, आणि खरं सांगायचं तर मला सुटल्याचं बरंच वाटलं होतं. गुरुजींनी नाव घेतलं की माझी वाचा बसायची. पुढं मिसरूड फुटलं तरी तो धाक गेला नाही. बैल बिथरला की मी घरात, आभाळ गडगडलं की मी घरात. गावात कोणी मला कामावर घेईना. तुम्ही मात्र सगळ्यांसमोर म्हणालात, "याले मी ठेवतो. मशीनपाशी भेणारा माणूसच बसवा लागते. धीट माणूस दिव्याकडं पाह्यतच नाई."

माझ्या भित्रेपणाला त्याआधी कोणी कामाची गोष्ट म्हटलं नव्हतं. नंतरही नाही. आज मी या परक्या गावात रेडिओच्या दुकानात पोट भरतो ते त्या एका वाक्यावर. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. साळ्यानं भाऊजींचे आभार मानायचे म्हणजे दोघांचीही पंचाईत.

ते मशीन. अकोल्याच्या बायस्कोपमध्ये राबून तुम्ही भोंग्यातून आवाज मोठा करायचं काम शिकलात, जुने भाग जमवलेत, आणि ताईच्या माहेरच्या पलंगाची फळी कापून त्याची पेटी केलीत. ताई त्यावरून किती दिवस बोलली नव्हती! केनवडापासून मेडशीपर्यंत तेव्हा एवढा मोठा आवाज करणारी दुसरी वस्तू नव्हती. मोटारीच्या बॅटऱ्या बैलगाडीत, पेटी तुमच्या मांडीवर, दोन भोंगे माझ्या मांडीवर. पेटीच्या तोंडावर दोन दिवे, एक हिरवा आणि एक बोराएवढा लाल.

अंगणात उन्हात पेटी उघडून तुम्ही मला एकेक दाखवलंत. अजून तुमचाच आवाज ऐकू येतो.

"हिरवा लागला म्हणजे तिच्या पोटात दाणापाणी गेलं. हिरवाच नाई लागला तं पह्यले बॅटरीची तार पाह्य, मंग फ्यूज पाह्य. डोक्शाले हात लावून बसू नोको."

मग आतल्या काचेच्या वॉल्व्हांकडं बोट. आतली तार विझत्या निखाऱ्यासारखी नारिंगी दिसली पाहिजे, ती तब्येत चांगली असल्याची खूण. काचेत निळसर झाक तरळायला लागली तर आत हवा शिरली, तो वॉल्व्ह आता थोड्या दिवसांचा सोबती. पण आतला पत्राच लाल व्हायला लागला, लोहाराच्या भट्टीतल्या फाळासारखा, तर कोणाला विचारत बसायचं नाही, बटन बंद. भोंग्यातून सारखी घूं घूं आली तर दोष आत आहे. शिट्टी वाजली तर मशीनला दोष नाही, भोंग्यासमोर माइक धरून उभा राहणाऱ्या शहाण्याला आहे.

"अन् वास आला तं?" मी विचारलं.

"वास आला तं रडून घे. तवा करण्यासारखं दुसरं काई उरत नाई."

आणि तो लाल दिवा. मशीनवर झेपेल त्यापेक्षा जास्त ताण आला की तो लागायचा. त्याचा नियम तुम्ही माझ्याकडून पाढ्यासारखा म्हणून घेतलात. लुकलुकला तर चालू दे. टिकून राहिला तर बंद कर. बोलणारा एखाद्या शब्दावर ओरडला की दिवा क्षणभर उघडमीट करतो, त्यात भ्यायचं काही नाही. पण शब्द संपल्यावरही तो लागलेलाच राहिला, तर आत काहीतरी जळायच्या वाटेला लागलंय.

मी तेव्हाच विचारलं होतं, "बोलणारा मोठा माणूस असला तं? त्याच्या बोलण्यात बंद कराचं?"

"मशीनले मोठा-लहान समजत नाई," तुम्ही म्हणालात. "तुलेही समजू नोको."

हे वाक्य मी पुढं तुमच्या तोंडावर फेकलं, म्हणून इथं लिहून ठेवतो.

लोकांना मशीनचं काय कौतुक! सुरू करायच्या आधी नारळ फुटायचा, पेटीला कुंकू लागायचं, हार पडायचा. हार नेमका मागच्या फटींवर यायचा आणि मशीनचा श्वास कोंडायचा. तुम्ही कोणाचं मन न मोडता तो उचलून भोंग्याच्या गळ्यात घालायचा. एकदा एका म्हातारीनं लाल काचेलाच कुंकू फासलं, तर तुम्ही म्हणालात, "माय, तिले नोको लावू, ते अजून कुवारी हाये." म्हातारी तिथंच बसून हसली.

केनवडच्या कुस्त्यांमध्ये ते सुरू झालं. एका पैलवानाचा वस्ताद माइकवर आला आणि छाती फुगवून ओरडला, "माहा पठ्ठा आजवर पाठीवर पडला नाई!" दिवा लुकलुकला. भजेवाला पुंजाजी पेटीला लागूनच कढई मांडून बसला होता. झारा वर करून तो ओरडला, "पाह्य रे, पाह्य! खोटं बोलला की मशीन डोया मारते!"

झालं. वस्ताद पुन्हा ओरडला, दिवा पुन्हा लुकलुकला, आणि आख्खा फड हसायला लागला. तुम्ही सुद्धा. पुढच्या बाजारी रिसोडला लोक आपल्याआधी हजर, सगळे पेटीच्या तोंडासमोर. बोलणाऱ्याकडं कोणी बघेना, दिव्याकडं बघत. एका लग्नात नवऱ्या मुलाचा काका माइक तोंडात धरून म्हणाला, "पोरीले आमी लेकीवानी ठेवू!" दिवा टचकन लागला. पदराआड बाया हसल्या. मुलीच्या बापाचा चेहरा मात्र जो उतरला तो मी अजून विसरलो नाही.

त्या दिवशी परतताना गाडीत मी म्हटलं, "भाऊजी, लोकायले खरं सांगा. दिवा आवाजावर लागते. हळू खोटं बोललं तं नाई लागत."

"अन् जोरानं खरं बोललं तं?"

"तरी लागते."

"मंग जोरानं खरं बोलणारा कोणी दाखव मले. त्याच्यासमोर सांगतो लोकायले."

तुम्ही बैलाच्या शेपटाला हात लावून हसत सुटलात. मी हसलो नाही. मला त्या हसण्याची धास्ती वाटायची. तुम्ही म्हणायचा, माझा जीव चिमणीएवढा आहे. असेल. पण भाऊजी, तुम्हाला सगळं कळत असताना तुम्ही तो खेळ चालू दिलात. मशीनचा नियम तुम्ही माझ्याकडून पाठ करून घेतलात आणि लोकांना मात्र अंधारात ठेवलंत, कारण गंमत होती. हा माझा पहिला राग आहे आणि तुम्ही गेलात म्हणून तो मी सोडणार नाही.

मग लोकल बोर्डाची निवडणूक आली आणि आपल्या गावचे आबासाहेब उभे राहिले. निम्मं गाव त्यांच्या जागेवर वसलेलं. ताईचं घरही. बाजाराच्या पटांगणात त्यांची सभा, आपलं मशीन. आबासाहेबांना वाटायचं की भोंगा आहे तरी आपण ओरडायलाच हवं. "गावची विहीर मी पदरमोड करून बांधली!" दिवा लुकलुकला. "गरिबाच्या जागेवर मी कधी डोळा ठेवला नाही!" चांगला ठसठशीत लुकलुकला. पुंजाजीला खोकला आला. त्याच्या मागच्याला आला. मग हसू असं पसरलं की मागं उभ्या असलेल्यांना दिवा दिसतही नव्हता तरी ते हसत होते. आबासाहेब भाषण आवरून खाली बसले. आपलं काय चुकलं ते त्यांना कळलंच नव्हतं. त्यांच्या दिवाणजीनं ते त्यांना घरी नेऊन समजावलं.

दुसऱ्या दिवशी दिवाणजी आले. ओसरीवर बसले नाहीत. "पुढच्या बाजाराला पुन्हा सभा आहे. तो लाल दिवा दिसता कामा नये. आणि भोंगे चार पाहिजेत, वेशीपर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

"साहेब, मशीन दोन भोंग्यायचं हाये," तुम्ही म्हणालात.

"मग चारचं करा."

ते गेल्यावर मी तुमच्याशी भांडलो. आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज चढला. चार भोंगे लावायचे आणि वर दिवाही काढायचा, म्हणजे ओझं दुप्पट करायचं आणि बैलाचे डोळे बांधायचे. तुम्हीच म्हणाला होता ना, मशीनला मोठा-लहान समजत नाही? तुम्ही चुलीत तारा जोडायची डागणी तापत घातलीत, पेटी पालथी केलीत आणि माझ्याकडं पाठ करून बसलात. उठलात तेव्हा तोंडावरचा दिवा गेला होता, त्या भोकात लाकडाची गुडदी ठोकलेली होती आणि वर कुंकवाचा टिळा. ताई म्हणाली, "छान दिसते." मी जेवलो नाही.

सभेच्या दिवशी तुम्ही मला वेशीजवळच्या चौथ्या भोंग्यापाशी बसवलंत. "तार कोणी तोडीन, तूच बस तठी." मला वाटलं, भांडलो म्हणून मला मशीनपासून दूर केलं.

आबासाहेब बोलायला लागले. थोड्या वेळानं त्यांचा आवाज जड झाला, जसा घशात कफ अडकावा. शब्दांच्या कडा फाटायला लागल्या. वेशीत बसलेल्यांना काही कळलं नाही, ते म्हणत होते आज काय दणदणीत आवाज आहे. मला कळलं. मी पळत सुटलो. बाजाराची गर्दी, बसलेली माणसं, त्यांच्या अंगावर पाय पडून शिव्या खाल्ल्या. लांबून तुम्ही दिसलात. पेटीच्या मागं उभे, दोन्ही हात पाठीमागं बांधलेले, मान खाली घालून पेटीच्या पाठीकडं बघताय. मी ओरडत होतो, "बंद करा! भाऊजी, बंद करा!" चार भोंग्यांपुढं माझा आवाज कोण ऐकतो. मी पोहोचलो तेव्हा आबासाहेबांनी शेवटचं वाक्य म्हणून हात जोडले होते आणि टाळ्या पडत होत्या. मग वास आला. मग पेटीच्या फटींतून धूर. टाळ्यांत तो कोणाला दिसलाही नाही.

रडून घे म्हणाला होतात, मी तिथंच रडलो. तुम्ही नाही.

घरी ताई कडाडली. पलंग गेला, आता मशीन गेलं, तुमच्या हाताला काही शिस्त म्हणून नाही. मीही तिच्या बाजूनं बोललो. म्हटलं, भाऊजींनी भिऊन दिवा काढला आणि मशीन आंधळं चालवलं. तुम्ही पाण्याचा तांब्या खाली ठेवलात आणि म्हणालात, "हो बापा. दिवा नोहता, मले समजलंच नाई." एवढंच. पुढं कित्येकदा ताईनं हे उकरून काढलं, दर वेळी तुमचं तेच उत्तर. लढाई सुरू झालेली, भाग मिळेनात. मशीन कोनाड्यात गेलं आणि तुम्ही वाशिमच्या कापसाच्या जिनात सरकी उपसायला. आबासाहेब निवडून आले. जळलेल्या मशीनचं त्यांनी एकदाही विचारलं नाही.

माझी सोय तुम्ही लावलीत. अकोल्याच्या जुन्या ओळखीतून इथल्या दुकानात शब्द टाकलात. वाशिमच्या स्टेशनावर तुम्ही सोडायला आला होता, जिनातून थेट, केसांत कापसाचे तंतू. मी भीतीनं गाडीचा दांडा सोडत नव्हतो. गाडी हलायच्या बेतात असताना मी पुन्हा तेच काढलं. "दिवा ठेवला असता तं आज मले जा लागलं नसतं." तुमचे ओठ हलले. मग तुम्ही म्हणालात, "तठी बी दिवेच हायेत, वकीलसाहेब. पाह्यत राह्यजा." आपलं शेवटचं बोलणं ते. नंतर कार्डं आली-गेली, पण कार्डावर खुशालीच लिहितात.

आणि मग मुदतीचा ताप. तोही मला कार्ड फाडून झाल्यावर, मागाहून आलेल्या माणसाकडून कळला, सगळ्या गोष्टी मला उशिराच कळतात.

गेल्या आठवड्यात तुमचा धाकटा भाऊ महादेव आला. पेटी पोत्यात गुंडाळून, गाड्या बदलत, मांडीवर घेऊन. दारातच म्हणाला, "वहिनीनं धाडली. दादा म्हणत होता साळ्यालेच द्या." म्हणजे कार्डावरची ओळ ती होती.

चहा पिताना त्यानं गावातल्या शोकसभेचं सांगितलं. तुमची शोकसभा, भाऊजी! बाजाराच्या पटांगणात, अकोल्याहून आणलेलं नवं मशीन लावून. आबासाहेब स्वतः बोलले.

"काय बोलले?"

"म्हणे, किसन माहा उजवा हात होता. म्हणे, असा इमानी माणूस गावात पुन्हा होणार नाई. रडले बी."

"ओरडून बोलले का हळू?"

"ओरडून. त्यायले हळू येते कुठी?"

"त्या मशीनले दिवे होते?"

महादेवनं आठवून पाहिलं. "एक होता. हिरवा. पुंजाजी समोरच बसला होता, साऱ्या सभेत मशीनकडंच पाहून राह्यला होता बुढा. मले वाटलं झोपला."

मी कपबशी खाली ठेवली. तुम्ही जिनात सरकी उपसत होता तेव्हा त्या उजव्या हाताची आठवण त्या माणसाला एकदाही झाली नव्हती. आता झाली, भोंगा लावून झाली.

मग मी पेचकस घेतला आणि पेटी उघडली. आत काजळी, ट्रान्सफॉर्मरचं डांबर वितळून तळाशी थिजलेलं. एका वॉल्व्हची काच तडकलेली. आणि गुडदीच्या मागं मी दिव्याच्या तोडलेल्या वायरी शोधत होतो, तर त्या तोडलेल्या नव्हत्या. त्या वळून मागं गेल्या होत्या. पत्र्याच्या एका पट्टीवर, पेटीच्या पाठीकडं तोंड करून, लाल दिवा बसवलेला होता. पाठच्या फळीला त्याच्यासमोर डोळ्याएवढी फट कापलेली. मागं उभं राहणाऱ्याला तेवढी दिसेल, दुसऱ्या कोणाला नाही.

मी नुसत्या दिव्याला बॅटरी लावून पाहिली. दिवा लागला. चांगला होता.

सभेत पेटीमागं उभे असलेले तुम्ही आठवलात. हात पाठीमागं बांधलेले, मान खाली. मला वाटलं होतं शरमेनं. तुम्ही दिव्याकडं बघत होतात. तो टिकून राहिलेला तुम्हाला दिसत होता, सगळं भाषणभर. बटन तुमच्या हाताशी होतं.

"महादेव," मी म्हटलं, "त्या सभेच्या दिवशी काय झालं होतं?"

तो आधी नाही-नाही म्हणाला. मग म्हणाला, "सकाळी दिवाणजी आल्ता. मी गोठ्यात होतो, मले ऐकू आलं. म्हणे, 'आज भाषणात आवाज मधीच बंद पडला तर आबासाहेब तुझ्या घराच्या जागेचं नव्यानं पाहतील.' तो गेल्यावर दादा मांगं वळला. मंग मले पाह्यलं त्यानं. म्हणे, 'तुह्या वहिनीले सांगशीन तं माहं मेलेलं तोंड पाह्यशीन.'" महादेव पोत्याची सुतळी बोटाला गुंडाळत राहिला. "पाह्यलं आता. म्हून सांगतो."

भाऊजी, मला तुमच्यावर इतका संताप आला की तुम्ही समोर असता तर साळा-भाऊजी काही पाहिलं नसतं. ताई तुम्हाला निष्काळजी म्हणत राहिली, तुम्ही हो बापा म्हणालात. मी तुम्हाला भेकड म्हणालो, स्टेशनावर म्हणालो, तुम्ही माझी थट्टा करून मला गाडीत बसवलंत. तिच्या डोक्यावरचं छप्पर राहिलं आणि ते कशानं राहिलं हे तिला कळूही दिलं नाहीत. कोणी तुम्हाला सांगितलं होतं आम्हाला इतकं जपायला? मला सांगितलं असतं तर काय झालं असतं?

काय झालं असतं ते मला माहीत आहे. मी मशीनपाशी असतो तर दिवा टिकताक्षणी बटन दाबलं असतं. म्हणून मी वेशीजवळच्या भोंग्यावर. मला दूर केलं ते रागानं नव्हे. तुम्हीच तर मला तसं घडवलं होतंत.

पेटी मी दुरुस्त केली. दुकानातलं काम संपल्यावर बसायचो, मालकांनी हरकत घेतली नाही. ट्रान्सफॉर्मर नव्यानं गुंडाळला, वॉल्व्ह लढाईच्या भंगारातून मिळाला. दिवा जिथं तुम्ही ठेवलात तिथंच ठेवला. ताईला काय सांगायचं ते महादेव आणि मी ठरवलं आहे. सांगायचं. तुमची शपथ आता कोणाला लागणार? मी रजा टाकली आहे, पेटी घेऊन मी स्वतः जाणार आहे, ताईला मागं उभी करून त्या फटीतून दाखवणार आहे.

पण त्याआधी काल दुपारी, दुकान बंद असताना, मी एक केलं. मागच्या आवारात चार भोंगे जोडले. तुमच्या मशीनला दोनच झेपतात हे मला ठाऊक आहे, तरी चार. महादेवच्या हातात माइक दिला.

"काय बोलू?"

"काई बी बोल. जोरानं बोल. मी सांगेपर्यंत थांबू नोको."

तो लाजला, घसा साफ केला, इकडं-तिकडं पाहिलं. मग डोळे मिटून ओरडायला लागला, "आमचा दादा भला माणूस होता! आमचा दादा लई भला माणूस होता!" शेजारच्या गच्चीवर बाया येऊन उभ्या राहिल्या. दिवा लुकलुकला, पुन्हा लुकलुकला, आणि मग टिकला. जोरानं खरं बोलणारा माणूस शेवटी सापडला, भाऊजी, आणि बघायला तुम्ही नव्हता.

मी पेटीच्या मागं उभा होतो. हात पाठीमागं बांधले, तुमच्यासारखे. मान खाली घातली. मला बघायचं होतं की असं उभं कसं राहता येतं. फटीतला लाल ठिपका हलत नव्हता. महादेवच्या आवाजाच्या कडा फाटायला लागल्या. आतला पत्रा अजून लाल व्हायचा होता, वासही आला नव्हता, अजून पुष्कळ वेळ होता. आबासाहेब तर केवढा वेळ बोलले होते.

माझा हात कधी सुटला मला कळलं नाही. बटन खाली होतं आणि आवार एकदम गप्प.

महादेवनं डोळे उघडले. "काहून बंद केलं? आताच तं सुरू केलं होतं."

मला नाही जमलं, भाऊजी.